काटा

उद्या पहाटे सव्वाचार, चोपडा नाका.
अमळनेरहून चोपडा, शिरपूर, धुळे, परत अमळनेर,
पावणेदोनशे किलोमीटर, आठ जण.
हेमकांतचा फोन येऊन गेला:
"अठ्ठावीसच्या खाली यायचं नाही. प्रत्येकाने दोन मिनिटं पुढे,
मग बाजूला होऊन शेपटीला."

मी जिनिंगच्या काट्यावर बसतो.
भरलेला ट्रॅक्टर, मग रिकामा ट्रॅक्टर,
मधला फरक तो कापूस.
बावीस वर्षं हीच वजाबाकी,
त्यामुळे पिशवी भरतानाही हात आपोआप तोलतो.
ट्यूब दोन. टायर उचकटायच्या पट्ट्या.
सोल्युशनची नळी, तोंड वाळलेली, टाचणीने उघडली.
गुळाच्या दशम्या चार, वेगवेगळ्या कागदात,
चालत्या सायकलवर एका हाताने सोडता आल्या पाहिजेत.
मीठ-साखरेची पुडी.
केळी घेतली नाहीत.
चोपड्याला घरून केळी नेणारा माणूस
परत गावात तोंड कसं दाखवणार?

दुपारी ओट्यावर बसून टायरवरून बोट फिरवलं,
इंच इंच.
बाभळीचा एक काटा, आत मोडलेला, वरून काहीच नाही.
नखाने निघेना.
कोकिळाच्या भुवयांच्या चिमट्याने निघाला.
चिमटा धुतला, होता तिथे ठेवला.
हे तिला सांगायचं राहून गेलं, असं म्हणू.

महिनाभर सराव केला तो पारोळा रस्त्याला,
कापसाच्या ट्रॉल्यांमागे.
समोरच्या चाकावर नजर ठेवायची नाही, चाकाच्या थोडी वर,
अंतर एक हात.
वारा दोन्ही कानांशेजारून निघून जातो
आणि मधल्या पोकळीत पाय हलके होतात.
पेळूएवढे तुकडे उडून येत, दाढीला चिकटत.
उखा ड्रायव्हर एकदा मान वळवून ओरडला,
"कथा जाई राहिना भाऊ, इतला मांगे मांगे?"
काय सांगणार. मोजून घेतलेला माल
पुन्हा मोजायला निघालोय?

खरं तर दिवाळीनंतर
नरडाण्याच्या पुलावर माझी पकड सुटली होती.
एक हात, मग एक सायकल, मग एक ट्रक आडवा आला
आणि ट्रक गेल्यावर समोर नुसता रस्ता.
हाक मारली नाही.
दम नव्हता, असं सगळ्यांना सांगितलं.
दम होता.
एका शब्दापुरता होता.
बेटावदवरून घरी आलो,
सगळा वारा एकट्याच्या वाट्याला.
त्यांना कळलं ते धुळ्यात,
आठ कट सांगितले होते, एक उरला.

तर आता सगळं झालंय.
साखळीला तेल दिलं, जास्तीचं पुसलं.
मागचा लाल दिवा चार्जिंगला, पुढचा झाला.
मोजे बुटात, बूट दाराशी,
जर्सीच्या आत छातीवर घालायला पेपरचं पान काढून ठेवलं,
चोपड्यापर्यंत थंडी अंगात शिरते.
उलटून पाहिलं तर बाजारभाव. कापूस, लांब धागा.
असू दे.

राहिला तो शब्द.
बाथरूममध्ये नळ सोडून म्हणून पाहिला.
हळू.
आरशातला माणूस म्हणत होता, पण ओठांनीच.
पोटातून म्हटला.
हळू! मी सुटतोय!
बाहेरून कोकिळा: "कोनासंगे बोली राहिनात?"
नळ आणखी सोडला.

रात्री दोनदा उठून घड्याळ पाहिलं,
एकदा उठून टायर दाबले, पंपाचे चार हात आणखी मारले.

नाक्यावर सात लाल दिवे. धुकं नाही,
नुसता गारठा, शेकोटीचा वास कुठून तरी.
कोणी बोलत नाही, सगळे आपापल्या वाफेत.
फारुक मन्यार वाकून प्रत्येकाचं चाक बघत येतो,
दुकान त्याचं, सवय त्याची.
माझ्या टायरवर अंगठा टेकवतो, थांबतो.
"हवा जास्ती व्हयनी भो."
टोपण काढतो, वॉल्व्हवर नख.
फुस्स.
पुन्हा अंगठा.
पुन्हा थोडी.
मी वर पाहतो. हेमकांतने घड्याळाचं बटण दाबलंय,
आणि मी म्हणतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं,
"थांबा जरा."